बोटीच्या इंजिनाचा आवाज कमी करायचाय? फोम विकत आणण्याआधी हे वाचा

तिसगाव (ता. पाथर्डी) : पाथर्डी तालुक्यात बोट कुठली, असं कुणीही विचारेल. आपल्याकडं उन्हाळ्यात वाट बघायची ती टँकरची. पण जिल्ह्याचा नकाशा उघडून बघा. शेवगाव-नेवाशाला नाथसागराचा फुगवटा, राहुरीत मुळा धरण, अकोल्यात भंडारदरा, कर्जतच्या भीमाकाठी उजनीचं पाणी. मिरी-तिसगाव योजनेचं पाणीही मुळा धरणातूनच येतं. या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, माणसं ने-आण करणाऱ्या आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी आहेत. बरेच मासेमार अजून वल्ह्यावरच जातात. पण ज्या बोटीला इंजिन बसलं, तिथं आवाजाचा त्रास सुरू झालाच.

यातली बरीच माहिती बोट नसलेल्यांच्याही कामाची आहे. छोट्या बोटीत बसवलेलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि शेतात, गिरणीत वर्षानुवर्षं धडधडणारं इंजिन ही एकाच घरातली भावंडं. विहिरीवरचं इंजिन, पिठाची गिरणी, मंडपातला जनरेटर, सगळीकडं आवाज त्याच वाटांनी बाहेर पडतो आणि त्याच उपायांनी कमी होतो.

कानाला किती सोसतं?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे मोजमाप किलो-लिटरसारखं सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ९५ वरून ८५ वर आलो तर 'दहाच कमी झाले' असं समजू नका. इंजिन निम्म्या आवाजाचं वाटायला लागतं.

कानाच्या सुरक्षेसाठी जगभर वापरला जाणारा एक हिशेब असा आहे : ८५ डेसिबलला दिवसातले ८ तास, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडं कारखान्यांच्या नियमात ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्या डिझेल इंजिनाशेजारी हातभर अंतरावर आवाज नव्वदच्या पुढं सहज जातो. बोट चालवणारा माणूस तिथंच बसतो, आणि दिवसभर बसतो. प्रवासी अर्ध्या तासात उतरून जातो.

कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. सुरुवातीला संध्याकाळी कानात कुई वाजते, मग गर्दीत समोरचा काय बोलतो ते कळत नाही, मग घरचे म्हणायला लागतात की टीव्ही किती मोठा लावता. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

पाण्यावर आणखी एक गोष्ट असते. मागं बसलेल्या माणसाची हाक, दुसऱ्या बोटीचा भोंगा, 'पोरगं कडेला गेलं' ही आरोळी इंजिनाच्या आवाजात बुडून जाते. आवाज कमी करणं हा चैनीचा विषय नाही तो यासाठी.

आवाज तीन वाटांनी येतो

बहुतेक जण इथंच फसतात. इंजिन आवाज करतं म्हणून त्याच्याभोवती फोम, थर्माकोल, गोणपाट, अंड्यांचे ट्रे, हाताला येईल ते लावतात. पैसे जातात, आवाज तिथंच राहतो. कारण आवाज एका वाटेनं येतच नाही.

पहिली वाट सायलेन्सरची. सिलिंडरमधला दाबातला गरम धूर एकदम बाहेर सुटतो, त्याचा ठोका. दुसरी वाट हवेतून : इंजिनाचं अंग, टायमिंगचे गिअर, टॅपेट, हवा ओढणारं तोंड या सगळ्यांचा खडखडाट. तिसरी वाट धक्क्याची. इंजिन हादरतं, ते ज्या लाकडावर किंवा लोखंडी चौकटीवर बसवलंय ते हादरतं, तिथून बोटीचा तळ आणि बाजू हादरतात. मग अख्खी बोट ढोलकीसारखी वाजते. फायबरच्या आणि पत्र्याच्या बोटीत हा तिसरा आवाज फार असतो. जाड लाकडी बोट त्यामानानं शांत.

कुठली वाट मोठी, ते आधी ओळखा. बोट काठाला बांधून इंजिन सुरू ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाला तात्पुरता लांब लोखंडी पाईप जोडून धूर दूर सोडा. आवाज एकदम पडला तर दोष सायलेन्सरचा. बोटीच्या बाजूला, फळीला, बाकाला तळहात लावा. हाताला झिणझिण्या येत असतील तर धक्का पसरतोय. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकट ॲप मिळतं. त्याचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण त्याच मोबाईलनं, त्याच जागी, त्याच गतीला आधी आणि नंतर मोजलं तर फरक बरोबर कळतो. प्रत्येक कामानंतर मोजा, नाहीतर मनाचीच समजूत होते.

आणि हो, आधी फुकटातली कामं. सैल नटबोल्ट आवळा, खडखडणारा पत्रा बांधा, पाण्यातल्या पंख्याचं पातं वाकलंय का, शाफ्टचं बुश झिजलंय का ते बघा. गती थोडी उतरवून चालवा. शेवटच्या दोन-चारशे फेऱ्यांमध्ये बोटीचा वेग थोडाच वाढतो, आवाज आणि डिझेल मात्र फार वाढतं.

सायलेन्सर : पहिला पैसा इथं घाला

गळका किंवा सडलेला सायलेन्सर तसाच ठेवून बाकी काहीही करण्यात अर्थ नाही. जोडाच्या गॅस्केटमधून फट-फट असा कोरडा आवाज येत असेल, काजळी दिसत असेल, तर आधी ते बदला.

छोट्या इंजिनाचा सायलेन्सर बऱ्याचदा नावालाच असतो. साधा हिशेब धरायचा तर सायलेन्सरच्या डब्याची पोकळी सिलिंडरच्या मापाच्या निदान दहापट असावी. उदाहरण घेऊ. आपल्याकडं ज्याला पाच एचपीचं 'पीटर' इंजिन म्हणतात, ते नाव पेटर या इंग्लंडच्या कंपनीवरून पडलं. त्या धाटणीच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक ११० मिलिमीटरचा. म्हणजे सुमारे ५५३ सीसी. त्याला साडेपाच लिटरचा तरी डबा हवा. प्रत्यक्षात कितीतरी इंजिनांवर तांब्याएवढं डबडं दिसतं.

डबा मोठा घ्या, पण आतली भोकं इतकी बारीक करू नका की धूर अडेल. धूर अडला की इंजिन तापतं, काळं ओकतं, ताकद जाते. सायलेन्सरचं तोंड मागच्या बाजूला, माणसांपासून दूर आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. पाईपला उष्णता सोसणारी फायबरची पट्टी गुंडाळली तर हात भाजत नाही आणि खणही कमी तापतो. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी मात्र वापरू नका, तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

समुद्रावरच्या मोठ्या बोटींत धुराच्या पाईपमध्येच थंड पाणी सोडतात. धूर गार होतो, आकसतो आणि आवाज खूप पडतो. पद्धत चांगली आहे. पण पाईपचा चढ चुकला तर इंजिन बंद झाल्यावर तेच पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. जाणत्या मिस्त्रीशिवाय हा उद्योग करू नये.

धक्का तोडायचा कसा

इंजिन आणि बोट यांच्यामध्ये रबर टाकलं की धक्का कमी होतो, हे खरं. पण कुठलंही रबर नाही. टायरचा तुकडा कापून खाली घालतात, बोल्ट करकचून आवळतात, आणि मग म्हणतात फरक पडला नाही. पडणार कसा? रबर दबलं, हललं तरच ते धक्का खातं. इंजिनाच्या वजनाखाली जे मिलिमीटरभरही बसत नाही, ते धक्क्याच्या दृष्टीनं लाकूडच.

उलट फार मऊ रबरही चालत नाही. एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन १५०० फेऱ्यांना सेकंदाला साडेबारा ठोके देतं, आणि गती कमी केली की ठोकेही कमी. रबरावर बसलेल्या इंजिनाला स्वतःचा एक झोका असतो. तो झोका आणि हे ठोके जुळले तर इंजिन नाचायला लागतं, बोल्ट तोडतं. म्हणून इंजिनाचं वजन आणि गती सांगून तयार माउंटिंग घ्यावीत. चारही एकाच मापाची, आणि तेल सोसणारी. डिझेल-ऑइल लागलं की साधं रबर फुगतं आणि सडतं.

इथं एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. इंजिन रबरावर बसवलं की ते हलणार. शाफ्ट मात्र बोटीला घट्ट आहे. मध्ये लवचिक कपलिंग टाकलं नाही तर बुश झिजेल, सील जाईल आणि पाणी आत येईल. डिझेलची नळी, पाण्याची नळी, सायलेन्सरचा पाईप यांनाही मध्ये लवचिक तुकडा हवा. एक जरी पाईप कडक राहिला तर सगळा धक्का त्यातून बोटीत उतरतो. शाफ्टची सरळ रेघ शेवटी बोट पाण्यात असताना तपासावी, कारण काठावर टेकवलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार थोडा बदलतो.

शेतातल्या किंवा गिरणीतल्या इंजिनाला ही शाफ्टची भानगड नाही, तिथं पट्टा असतो. पट्ट्याचा ताण मात्र बघावा लागतो.

खरा नमुना मंगल कार्यालयाच्या मागं उभा आहे

आवाज अडवणारी पेटी कशी असते ते बघायला मुंबईला जायला नको. मंगल कार्यालयाच्या किंवा मोबाईल टॉवरच्या शेजारचा बंद केबिनचा जनरेटर नीट बघा. देशात १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला केबिनपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यामुळं कंपन्यांना केबिन नीट बनवावीच लागली.

दार उघडलेलं असेल तर काय दिसतं? बाहेर जाड पत्रा. आत बोटभर-दोन बोटं जाडीचा मऊ थर, त्यावर बारीक भोकांची जाळी. दाराच्या कडेला सगळीकडं रबराची पट्टी. इंजिनाखाली रबर. हवा यायला-जायला तोंडं आहेत, पण त्यातून आरपार दिसत नाही. वाट वळणाची आहे. आणि सायलेन्सर मोठा आहे.

या एका केबिनमध्ये सगळं आलं. बाहेरचं जड असतं ते आवाज अडवतं. आतलं मऊ असतं ते आवाज पितं, म्हणजे पेटीच्या आत घुमू देत नाही. रबर धक्का तोडतं. तीन वेगळी कामं, तीन वेगळा माल. नुसता फोम आवाज अडवत नाही. हलका असतो, आवाज त्यातून निघून जातो. थर्माकोल तर दोन्ही कामांना निरुपयोगी : ना जड, ना त्यात हवा शिरत. अंड्यांच्या ट्रेचंही तेच, वर ते पेट घेतात.

बोटीसाठी पेटी बनवताना १२ ते १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय बरं पडतं. त्याला आतून जड थर हवा. बाजारात यासाठी जड व्हिनाइलची चादर मिळते. ती महाग वाटली तर कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा चालतो. जड, लवचिक आणि टिकाऊ. पत्र्याची पेटी असेल तर गाडीच्या दाराला आतून लावतात तसली डांबरी शीट चिकटवा, पत्र्याचा झणझणाट मरतो. बोटीच्या पातळ फायबरच्या बाजूंनाही हाच उपाय.

मऊ थराला ५० मिलिमीटरचं रॉकवूल किंवा ग्लासवूल. उष्णता सोसतं, पेटत नाही. पण ते उघडं ठेवू नका. तंतू अंगाला खाजतात, नाकात जातात, आणि पाणी प्यायलं की वजन वाढतं व गुणही जातो. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळा, वरून ग्लासफायबरचं कापड आणि भोकांची जाळी. जाळीत भोकं भरपूर हवीत, नाहीतर आवाज मऊ थरापर्यंत पोचतच नाही. काम करताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. गादीचा फोम इंजिनाजवळ कधीच नको. डिझेल पितो, आणि पेटला तर त्याचा धूर आगीच्या आधी माणूस मारतो.

फटींना हलकं समजू नका. पेटीच्या एकूण पृष्ठभागाच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकी भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबलच्या पुढं फायदा होत नाही. एक चौरस मीटरच्या भिंतीत दहा बाय दहा सेंटिमीटरचं भोक म्हणजे झालंच की तेवढं. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी, दाबून बसवणाऱ्या कड्या, पाईप जिथून जातात तिथं रबराची चकती.

हवा बंद केली तर काय होईल

फटी बुजवा म्हटलं की लोक पेटी ठासून बंद करतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. वरच्याच ५५३ सीसीच्या इंजिनाचा हिशेब घ्या. १५०० फेऱ्यांना ते मिनिटाला सुमारे ४१५ लिटर हवा ओढतं. दोनशे लिटरचा बॅरल अर्ध्या मिनिटात रिकामा. ही फक्त जाळायला लागणारी हवा. हवेवर गार होणारं इंजिन असेल तर गार होण्यासाठी याच्या कितीतरी पट हवा लागते. असं एअरकूल्ड इंजिन बंद पेटीत ठेवायचंच असेल तर गरम हवा बाहेर नेणारं वेगळं धुराडं लागतं. ते जमत नसेल तर पेटी करूच नका, सायलेन्सर आणि रबरावर थांबा. पाण्यावर गार होणारं इंजिन पेटीत ठेवायला सोपं.

हवेची वाट जनरेटरसारखीच ठेवायची : लाकडी बोगद्याला दोन वळणं, आतून मऊ थर. हवा वळते, आवाज भिंतीला आपटून आपटून मरतो. थंड हवा खालून, गरम हवा वरून. सायलेन्सरचे सांधे शक्यतो पेटीबाहेर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. आडोसा केलेल्या बोटीत डोकं जड होणं, मळमळ, गुंगी आली तर इंजिन लगेच बंद करून उघड्यावर या.

पेट्रोल इंजिनाला घरी बनवलेली पेटी अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाला साचते, एका ठिणगीत स्फोट. मागं टांगलेल्या आउटबोर्ड मोटारीवरही जादा गोधड्या-आच्छादनं गुंडाळू नका. तिचं कव्हर कंपनीनं हवेचा विचार करून बनवलेलं असतं. तिथं आवाज कमी करायचा मार्ग म्हणजे कव्हरची रबराची कड नवीन घालणं, माउंटिंग बदलणं, आणि पुढं-मागं मोटार बदलायची वेळ आली तर टू स्ट्रोकऐवजी फोर स्ट्रोक घेणं.

पेटीजवळ पण पेटीबाहेर, हात पोचेल अशा जागी अग्निशामक सिलिंडर ठेवा. डिझेल बंद करायचा कॉकही बाहेरूनच फिरवता यायला हवा. झाकण एका माणसाला पटकन उघडता आलं पाहिजे, ऑइल बघायचं भोक बुजवायचं नाही. ऑइल तपासायला पाच स्क्रू काढावे लागले तर ते कुणी तपासत नाही, हा अनुभव कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

वजनाचं भान

कन्व्हेअर पट्टा, प्लाय, रॉकवूल मिळून पेटीचं वजन एका-दोन माणसांएवढं सहज होतं. तेवढे प्रवासी कमी घ्यायचे, हा साधा व्यवहार. वजन खाली आणि मधोमध राहू द्या. तळातलं पाणी उपसायची जागा मोकळी ठेवा. आणि बोट बुडू नये म्हणून बंद ठेवलेल्या पोकळ कप्प्यांना भोकं पाडून त्यात काही भरू नका. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्या घटनेचा इंजिनाच्या आवाजाशी संबंध नाही. पण छोटी बोट वाऱ्यात किती चटकन कलंडते, ते तिथं दिसलं. प्रवासी बोटीत असा फेरबदल केला तर ज्यांनी परवाना दिला त्यांना दाखवून घ्या, आणि लाइफ जॅकेट आधी, फोम नंतर.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथं उतरतात. त्या पट्ट्यात मोटारबोट चालवायला वन विभागाची परवानगी आहे का, हे इंजिनावर खर्च करण्याआधी विचारा.

एवढं करूनही आवाज राहिला तर

राहणारच थोडा. सायलेन्सर, रबर, पेटी हे तिन्ही नीट जमलं तरी इंजिन मुकं होत नाही. चालवणाऱ्याची बैठक इंजिनापासून लांब नेता येते का बघा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. एक मीटरवरून दोन मीटरवर बसायला खर्च काय, सुकाणूचा दांडा लांब करायचा तेवढा. राहिलेल्या आवाजाला कानाचे बोळे किंवा हेडफोनसारखे दिसणारे कानझाकणे वापरा. मात्र कापूस घालून समाधान मानू नका, साधा कापूस फार थोडा आवाज अडवतो. फोमचे बोळे बोटात पिळून, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरायचे, तर ते काम करतात. प्रवासी असताना दोन्ही कान ठार बंद नकोत. कमी अडवणारे बोळे घ्या, म्हणजे हाक ऐकू येईल.

कानात सतत कुई वाजत असेल किंवा बोलणं अस्पष्ट ऐकू येत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, दुखत नाही. वर्षातून एकदा केली तर घट सुरू झालीय का ते कागदावर दिसतं, आणि पेटीचं काम पुढच्या हंगामावर ढकलायचं की आत्ताच करायचं, हेही ठरतं.